‘संप’ हा शब्द संपण्यातून आला का?

शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीत बहुतेक कुटुंबे गुजराती आहेत. अलीकडेच सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद पेटला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उठून ‘संप त्यां जंप’ एवढेच म्हणाले आणि खाली बसले. मला वाटले, ते सफाई कामगारांच्या संपाविषयी काही सुचवत आहेत. नंतर कळले, की गुजरातीत संप म्हणजे एकोपा. माझे वडील गिरणीत होते आणि आमच्या घरात संप हा शब्द फारसा चांगल्या आठवणींचा नाही. काम संपते म्हणून संप, अशीच माझी आजवर समजूत होती. खरे काय समजावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या तोंडचा संप आणि आपल्या वडिलांच्या आठवणीतला संप हा मुळात एकच शब्द आहे. संपणे या क्रियापदाशी त्याचे अर्थाचे नाते नाही. दोन्हींत ‘सम्’ हा उपसर्ग आहे, म्हणून कानाला ते सख्खे वाटतात. पण संपणे समाप्तीच्या घराण्यातले आहे, तर संप हा संघ, संगत, संमती यांच्या पंक्तीला बसणारा आहे. गुजरातीने त्याचा जुना अर्थ जसाच्या तसा सांभाळला. ‘संप त्यां जंप’ म्हणजे एकोपा असेल तिथे स्वस्थता, आणि त्याच्या उलट ‘कुसंप’ म्हणजे बेबनाव. कामगारांनी काम थांबवले, की गुजराती वर्तमानपत्र त्याला हडताल म्हणते.

मराठीत या एकोप्याला आरंभापासूनच थोडी वेगळी छटा होती. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत संप म्हणजे चार जणांनी आपसांत मिळून केलेला ठराव किंवा मसलत, आणि ज्याच्याविरुद्ध ती मसलत झाली त्याच्या दृष्टीने कट. हा संशय केवळ भाषेतला नव्हता. कामगारांनी मजुरीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवणारे कायदे ब्रिटनमध्ये १७९९ आणि १८०० साली झाले होते आणि आपल्याकडेही कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांना न्यायालयात खेचण्याची वाट बराच काळ मोकळी होती. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी १९२० च्या सुमारास बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, त्यावरून देशभर गदारोळ झाला. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणी झालेल्या संघटनेच्या सभासदांना फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले. मिळून ठराव करणे आणि कट करणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या त्या तेव्हा.

जुना अर्थ कसा वापरात होता, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते. १८९० साली इथल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही असा ठराव केला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्याच वर्षी आणि त्यांच्याच प्रयत्नांनी. या घटनेला मराठीत आजही ‘न्हाव्यांचा संप’ म्हणतात. पण नीट पाहिले तर त्या न्हाव्यांनी आपला धंदा बंद ठेवलेला नव्हता आणि त्यांची मागणी मजुरी वाढवण्याचीही नव्हती. एक विशिष्ट काम आपल्यापैकी कोणीही करायचे नाही, एवढाच तो करार होता. आजच्या अर्थाने त्याला संप म्हणताना अडखळायला होते, पण जुन्या अर्थाने हा संप अगदी चपखल आहे.

गिरण्या वाढल्या तसा हा शब्द खात्याखात्यांत शिरला. ताडदेवची पहिली गिरणी काढणारी कावसजी दावर यांची कंपनी १८५४ ची. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, शिवडी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला, आणि मजुरी कापली किंवा एखाद्या जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, काढले, की एका खात्यातले लोक आपसांत ठरवून सांचे, म्हणजे माग, बंद करू लागले. ठरवणे आधी, सांचे बंद होणे नंतर. आधीच्या गोष्टीचे नाव नंतरच्या गोष्टीला चिकटले, आणि हळूहळू संप म्हणजे थांबलेले काम असा अर्थ पक्का झाला.

तरीही जुना अर्थ पुसला गेला नाही. आपण संपाबरोबर जी क्रियापदे वापरतो ती पाहावीत. संप ‘फुटतो’. काही जण कामावर गेले, की संपात ‘फूट’ पडते आणि जाणाऱ्यांना संपफोडे म्हणतात. काम बंद ठेवणे ही गोष्ट काही फुटणारी नाही. फुटते ती एकी. बाहेरून सरकार किंवा मालक संप ‘मोडतात’, तर आतली माणसे तो ‘फोडतात’, हा भेद गिरणगावात कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. तसेच ‘संपात असणे’ आणि ‘संपावर असणे’ यांचे आहे. जुने कामगार ‘आम्ही संपात होतो’ असे म्हणत, जसे आपण एखाद्या मंडळात किंवा पंगतीत असतो. ‘संपावर जाणे’ हा प्रयोग मला रजेवर जाण्याच्या धर्तीवरचा वाटतो. त्यात माणूस कामापासून दूर गेल्याचे कळते, पण तो कोणाबरोबर आहे ते कळत नाही.

१९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस बाहेर राहिले. रस्त्यांवर लष्कर आले, गोळीबार झाला. मजुरीची एकही मागणी नसलेला हा संप होता, आणि त्यामुळे शब्दाची व्याप्ती मालक-मजूर यांच्या चौकटीबाहेर गेली. पुढे १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रातल्या सैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम नाकारले, तेव्हा त्यांनी स्थापन केलेल्या समितीचे नाव मध्यवर्ती नौदल संप समिती असे होते. इंग्रजांनी त्याला बंड म्हटले, कारण लष्करात संप अशी काही गोष्टच नसते. स्वातंत्र्यानंतर आपणही अभिमानाने बंड हाच शब्द घेतला आणि खुद्द नाविकांनी निवडलेला शब्द मागे पडला. मला यात नाविकांवर थोडा अन्याय झाल्यासारखे वाटते, कारण संप म्हणण्यात त्यांनी गिरणी कामगारांशी जोडलेले नाते होते आणि त्या आठवड्यात गिरण्या बंद ठेवून कामगारांनी ते निभावलेही.

या शब्दाची सर्वांत मोठी कसोटी लागली ती १९२८ साली. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुंबईतल्या जवळपास सगळ्या गिरण्या बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. दोनऐवजी तीन सांचे चालवण्याची सक्ती आणि त्यातून येणारी बेकारी हे मुख्य कारण होते. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले हे एका बाजूचे आणि मवाळ पंथाचे ना. म. जोशी दुसऱ्या बाजूचे, असे न जुळणारे पुढारी संयुक्त संप समितीत एकत्र बसले. हजारो कामगार रत्नागिरीला आणि घाटावर गावी निघून गेले. मागे राहिलेल्यांना वाण्याची उधारी आणि खानावळवाल्या बायांची माया यांवर दिवस काढावे लागले. सहा महिने ही एकी टिकली.

पण एकी कोणाची, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वेळी विचारला. गिरणीत सर्वाधिक मजुरी मिळे ती विणकाम खात्यात, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण वरकरणी क्षुल्लक होते. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, नवी कांडी घातली, की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. तोच धोटा नंतर दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्याला सांच्याजवळ येऊ देत नसत. ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत हवी, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. संप या शब्दाचा मूळ अर्थ एकोपा असेल, तर त्या अर्थाने १९२८ चा संप पुरा नव्हता, हे त्यांनी कोणत्याही कोशकारापेक्षा नेमके दाखवले. तेच बाबासाहेब १९३८ साली औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना मुंबईच्या विधिमंडळात म्हणाले, की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे; आणि त्या वर्षी ७ नोव्हेंबरला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाचा संप घडवून आणला.

आता आपल्या घरातल्या शब्दाकडे येतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचे होते, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला बहाल केलेली मान्यता मोडून काढायची होती. हा संप कोणीही औपचारिकरीत्या मागे घेतला नाही. तो कधी मिटला नाही, की पुरता फुटलाही नाही. दीड वर्षाने तो विरून गेला, आणि पुष्कळ कामगारांना परत जायला गिरणीच उरली नाही. त्यामुळे गिरणगावात हा शब्द एक तारीख होऊन बसला. ‘संपाआधी’ आणि ‘संपानंतर’ असे म्हटले, की कोणता संप हे विचारावे लागत नाही. थोरल्याचे लग्न संपाआधीचे, धाकटीची शाळा संपात सुटली, खोली विकली ती संपानंतर, अशी घरोघरची कालगणना चालते. त्या घरांत वाढलेल्या मुलाच्या कानाला संप आणि संपणे एकच वाटले, तर त्याला व्याकरणाचा दोष देता येणार नाही. आपण मांडलेली व्युत्पत्ती कोशात बसत नाही, पण ती कशी तयार झाली हे मात्र लालबाग-परळच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

आपले शेजारी आणि आपले वडील यांच्यात एक आणखी गंमत आहे, तीही सांगून ठेवतो. मुंबईच्या गिरणीमालकांत पारशी आणि भाटिया यांचे वर्चस्व होते आणि त्यांच्या घरची बोली गुजराती. म्हणजे एकाच गिरणीच्या फाटकाच्या आत ऑफिसात संप हा शब्द सलोख्याचा होता आणि बाहेर गेटसभेत त्याच शब्दाने ऑफिसाला धडकी भरत होती.

प्रश्न : ‘सरकारने आश्वासनाला हरताळ फासला’ असे वर्तमानपत्रात वरचेवर वाचायला मिळते. आश्वासनाचा आणि दुकाने बंद ठेवण्याचा संबंध काय? शिवाय हरताळ आणि संप यांत फरक मानावा का?
— एक वाचक, दादर

उत्तर : हे दोन निराळे हरताळ आहेत. फासायचा हरताळ हे सोमल वर्गातले एक पिवळे खनिज आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले, की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर त्याच जागी नवे अक्षर काढीत. म्हणून हरताळ फासणे म्हणजे लिहिलेले नाहीसे करणे. दुकानांचा हरताळ हा हाट आणि ताळ, म्हणजे बाजार आणि टाळे, यांवरून आलेला आहे. हिंदी-गुजरातीतला हडताल तो हाच. मराठीने ड चा र केला आणि दोन शब्द एका उच्चारात येऊन पडले.

संप आणि हरताळ यांत फरक मानावा, आणि मराठीने तो मानलाही आहे. हरताळ पाळणारा स्वतःच्या दुकानाला कुलूप लावतो, म्हणजे नुकसान आधी त्याचे स्वतःचे होते. म्हणूनच त्यात सुतकाची छटा आहे आणि म्हणूनच हरताळ ‘पाळतात’. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला गांधीजींनी हरताळाची हाक दिली, तेव्हा उपवास आणि प्रार्थना हा त्याचाच भाग होता आणि मुंबईत त्या दिवसाची सुरुवात चौपाटीवर समुद्रस्नानाने झाली. संप करणारा दुसऱ्याच्या गिरणीतले काम थांबवतो. हरताळाला मागणी असलीच पाहिजे असे नाही, निषेध पुरतो. संपाला मात्र एरवी मागणी लागते आणि ती कोणाकडे हेही ठरलेले असते.

शेतकऱ्याच्या बाबतीत हा भेद अवघड होतो. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. जमीन दुसऱ्याची, कष्ट आपले, आणि नकार ठरवून दिलेला. तो निःसंशय संप होता. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात शेतकऱ्यांनी आपलेच दूध आणि आपलाच भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही असे ठरवले. नेमकेपणाच्या दृष्टीने तो हरताळ म्हणायला हवा होता, असे काही जणांनी मला तेव्हा ऐकवले. पण गावांनी एकमताने ठराव करून काही नाकारणे हा संपाचा जुना अर्थ लक्षात घेता मी ‘शेतकरी संप’ ही शब्दयोजना चूक मानणार नाही.

प्रश्न : मी अंधेरीतल्या एका कारखान्यात कामगार प्रतिनिधी आहे. आमच्या युनियनच्या सूचनाफलकावर ‘संप’ हा शब्द टाळून ‘सामूहिक रजा आंदोलन’ असे लिहावे, असा काही सभासदांचा आग्रह आहे. शब्द बदलल्याने अर्थ बदलतो का? आणि एकट्या माणसाने काम नाकारले तर त्याला संप म्हणता येईल का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घरात मिक्सर संपावर जातो, आजोबांचे गुडघे संपावर जातात, दिवाळीच्या आदल्या दिवशी आई ‘मी आता संपावर’ असे जाहीर करते. हे सगळे प्रयोग मराठीत रुळलेले आहेत आणि चालू द्यावेत. पण कायद्याच्या भाषेत एकट्याचा संप होत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने केलेल्या व्याख्येत काम थांबणे एवढ्याने भागत नाही. कामगारांच्या समूहाने मिळून, किंवा आपसांतल्या समजुतीने, काम थांबवलेले किंवा नाकारलेले असावे लागते. एकट्याने नाकारले तर ती गैरहजेरी किंवा शिस्तभंग. व्याख्या करणाऱ्यांपुढे इंग्रजी शब्द होता, पण त्यांनी लिहिलेला अर्थ आपल्या जुन्या संपाशी बहुतांशी जुळतो.

राहिला सूचनाफलकाचा प्रश्न. संप या शब्दाला बगल देण्याची रीत जुनी आहे. लेखणी बंद, नियमानुसार काम, काळ्या फिती लावून काम, लाक्षणिक संप, सामूहिक रजा अशी ही चढती-उतरती भाजणी आहे आणि प्रत्येक पायरीमागे मेस्मा (अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा), निलंबन किंवा पगारकपात यांचा हिशेब असतो. सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटल्यापासून सरकारी कार्यालयांत ही पर्यायी शब्दरचना अधिकच कामाला आली. आपल्या कारखान्यात मात्र तिचा उपयोग होणार नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने संपाची व्याख्या वाढवून, एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हाही संपच मानला आहे, आणि पूर्वी केवळ सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना लागू असलेली आगाऊ नोटिशीची अट सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लावली आहे. नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत संप करता येत नाही. तेव्हा फलकावर आपण रजा लिहिलीत काय किंवा संप लिहिलात काय, दिवस त्याच नोटिशीपासून मोजले जातील.